पुण्यात जगभरची वाईन घेताना पैसे नेमके कशाचे मोजावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही दोघे कोथरूडला राहता, महिन्याकाठी दोन-तीन बाटल्या घेता आणि एका बाटलीला पंधराशे ते दोन हजार रुपये मोजायची तुमची तयारी आहे. आजवर नाशिककडच्या वाईन घेत आलात आणि आता निरनिराळ्या देशांच्या वाईनची ओळख करून घ्यायची आहे. दुकानात मात्र फ्रान्स, इटली, स्पेन, चिली, ऑस्ट्रेलिया अशा बाटल्यांच्या रांगेपुढे उभे राहिल्यावर काय उचलावे ते कळत नाही, म्हणून तुम्ही विचारले आहे की, पैसे वसूल होतील अशी वाईन नेमकी कोणत्या देशाची?

पुण्यातल्या हॉटेलांसाठी आणि रेस्टॉरंटांसाठी वाईनच्या याद्या तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि हॉटेलमालकही मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. त्याचे उत्तर एका देशाच्या नावाने देता येत नाही, कारण उत्तम, मध्यम आणि सुमार अशा तिन्ही प्रकारच्या वाईन प्रत्येक देशात होतात. विचारायला हवे ते असे, की तुम्ही दिलेल्या दोन हजारांपैकी किती रुपये द्राक्षांवर आणि वाईन करणाऱ्याच्या कामावर खर्च झाले, आणि किती रुपये कर, वाहतूक व नावलौकिक यांत गेले. हे प्रमाण देशागणिक, प्रांतागणिक आणि वाईनच्या प्रकारागणिक फार बदलते. ते ओळखता आले की दुकानातल्या अनोळखी बाटलीबद्दलही बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

यात काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. तुम्हाला कोरडी, म्हणजे ड्राय, वाईन आवडते की किंचित गोडसर, तुमच्या घरी काय शिजते, बाटली आठवड्याभरात उघडता की कपाटात ठेवता, आणि तुमच्या दुकानात माल कसा ठेवलेला असतो, यावर माझ्या काही शिफारशी बदलतील. जिथे बदलतील तिथे तसे सांगेन.

आता हिशेब. आयात वाईनवर भारताचे सर्वसाधारण शुल्क १५० टक्के आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची ५० टक्के सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी फोड झाली, पण बेरीज तीच राहिली. काही देशांशी झालेल्या करारांमुळे हा दर कमी होतो, त्याबद्दल पुढे बोलतो. समजा, एक वाईन वायनरीतून ३०० रुपयांना निघाली आणि इथवर आणायला वाहतूक व विम्याचे १०० रुपये लागले, तर ४०० रुपयांवर ६०० रुपये शुल्क बसते आणि बंदरातून बाहेर पडतानाच ती १,००० रुपयांची होते. त्यानंतर राज्याचे कर, लेबलची नोंदणी, आयातदार, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचे वाटे जमेस धरले, की तुमच्या हाती ती सोळाशे ते अठराशेला पडते. आता मूळ किंमत ६०० रुपये धरा. वाहतूक तेवढीच, म्हणजे ७०० रुपये. शुल्कासह १,७५० रुपये. आणि दुकानात तीन हजारांच्या आसपास. मूळ किमतीतला तीनशेचा फरक इथे बाराशे-चौदाशेचा होऊन बसतो.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांतून निघणारी गोष्ट पक्की आहे. ब्रिटनमध्ये बाटलीवरचे मद्यशुल्क वाईनच्या किमतीवर ठरत नाही, तर त्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर ठरते. त्यामुळे तिथले जाणकार सांगतात, की थोडे जास्त पैसे द्या, वाढीव पैशाचा मोठा भाग वाईनमध्येच जातो. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. आपल्याकडे शुल्क किमतीच्या टक्केवारीने असल्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. उलट अगदी स्वस्तातही अर्थ नाही, कारण वायनरीतून दीडशे रुपयांना निघालेल्या वाईनला वाहतुकीचा भार तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांश इतका पडतो आणि त्या दोहोंवर मिळून शुल्क बसते. म्हणून बाराशेच्या आतली आयात बाटली मी सहसा सुचवत नाही. तुमची पंधराशे ते दोन हजारांची मर्यादा योग्य आहे. ती मर्यादा म्हणजे, ढोबळमानाने, वायनरीतून तीन-चार युरोंना निघणारी वाईन.

मग प्रश्न सोपा होतो. तीन-चार युरोंत प्रामाणिक, चवदार वाईन जगात कुठे करता येते? जिथे जमीन महाग नाही, हवामान कोरडे असल्यामुळे रोग कमी आणि फवारण्याही कमी आहेत, द्राक्षे दरवर्षी नीट पिकतात आणि प्रांताचे नाव अजून फारसे गाजलेले नाही, तिथे. फ्रान्समधले बर्गंडी आणि शँपेन, इटलीतले बारोलो, कॅलिफोर्नियातले नापा खोरे ही नावे या यादीतून आपोआप गळतात. तिथली वाईन वाईट आहे असे मुळीच नाही. पण त्या भावात मिळणारी बाटली बहुधा त्या प्रांताची सगळ्यात साधी, नावावर विकली जाणारी बाटली असते. देवगड हापूसच्या नावाची पेटी सगळ्यात स्वस्त दरात घ्यायला गेले की काय हाती येते, ते आपल्याला ठाऊक आहे. याच कारणाने फ्रान्सच्या बोर्दो प्रांताची दोन हजारांच्या आतली वाईन मी टाळायला सांगतो. १८५५ सालच्या वर्गवारीत आलेल्या मूठभर शातोंचा, म्हणजे नामांकित बागायती वायनऱ्यांचा, दबदबा सगळ्या बोर्दोच्या लेबलांवर पसरलेला आहे, पण साध्या बोर्दोची द्राक्षे थंड वर्षांत पुरती पिकत नाहीत आणि वाईन पातळ, हिरवट लागते.

प्रांताइतकेच महत्त्वाचे आहे ते लाकूड. ओकचे नवे फ्रेंच पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे त्यात ३०० बाटल्यांची वाईन मावते. पिंपाची किंमत नऊशे युरोंच्या आसपास धरली, तर पहिल्या वापरात एका बाटलीमागे तीन युरो नुसत्या लाकडाला लागतात. जी वाईन मुळात तीन-चार युरोंना विकायची आहे तिला हे परवडणार नाही. म्हणून त्या भावातल्या वाईनला व्हॅनिलाचा, भाजलेल्या लाकडाचा ठसठशीत वास असेल, तर तो बहुधा पोलादी टाकीत सोडलेल्या ओकच्या फळ्यांचा किंवा चिपांचा असतो. हे बेकायदा नाही आणि अपायकारकही नाही. पण त्या वासाखाली द्राक्षाची चव दबते आणि दहा देशांच्या वाईन एकसारख्या लागू लागतात. तुम्हाला देशोदेशीचा फरक समजून घ्यायचा असेल तर या किमतीत लाकूड न लावलेल्या वाईन घ्या: ताज्या पांढऱ्या, रोझे (म्हणजे गुलाबी) आणि लवकर प्यायच्या हलक्या रेड.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत भरवशाचा देश चिली आहे. तिथला उन्हाळा कोरडा असतो, अँडीज पर्वतावरचे बर्फ वितळून बागांना पाणी मिळते, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड तिथे कधी पसरली नाही. त्यामुळे बाग सांभाळण्याचा खर्च आटोक्यात राहतो. समुद्रातून जाणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे कासाब्लांका खोऱ्यात सकाळी धुके असते, आणि तिथली सोव्हिन्यों ब्लां ताजी, लिंबाच्या सालीसारख्या वासाची होते. रेडमध्ये मायपो खोऱ्याची कॅबर्ने आणि कारमेनेर पाहा. कारमेनेर हा मूळचा बोर्दोचा वाण. चिलीत तो मर्लोच्या नावाने लावला आणि विकला जात होता, आणि १९९४ साली जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने तो ओळखला. त्याला हिरव्या मिरचीचा हलका वास असतो. काहींना तो खटकतो, मला तो भरल्या वांग्यांबरोबर फार आवडतो. चिलीच्या लेबलावरच्या ‘रिझर्व्हा’ या शब्दावर मात्र विसंबू नका, तिथे त्याचा अर्थ फार सैल आहे.

तोच शब्द स्पेनच्या रिओहा प्रांतात काटेकोर आहे, आणि लेबल कसे वाचावे याचा सराव करायला रिओहाच्या बाटलीसारखी दुसरी बाटली नाही. पुढच्या वेळी दुकानात एक बाटली हातात घेऊन उलटी फिरवा. मागच्या बाजूला प्रांताच्या नियामक मंडळाची एक छोटी, क्रमांक असलेली पट्टी दिसेल. ती हिरवी असेल तर वाईन किती काळ मुरवली याची हमी नाही. लाल असेल तर ती क्रियांझा: किमान दोन वर्षे मुरलेली, त्यातले एक वर्ष ओकच्या पिंपात. गडद मरून असेल तर रिझर्व्हा, किमान तीन वर्षे. आणि निळी असेल तर ग्रान रिझर्व्हा, किमान पाच वर्षे, त्यातली दोन पिंपात. मी लाकडाबद्दल जे सांगितले त्याला क्रियांझा हा अपवाद आहे, कारण रिओहातल्या अनेक वायनऱ्या फ्रेंच ओकपेक्षा स्वस्त अमेरिकन ओकची पिंपे वापरतात आणि तीच पिंपे वर्षानुवर्षे फिरवतात. मुरवण्याचा वेळ, जागा आणि अडकलेला पैसा हे सगळे वायनरीने सोसलेले असते. तुमच्या मर्यादेत क्रियांझा मिळाली तर डोळे झाकून घ्या. स्पेनमधलेच आणखी दोन पर्याय लक्षात ठेवा: कालातायुद आणि काम्पो दे बोर्खा इथली गार्नाचा, आणि हुमिया इथली मोनास्त्रेल. ही नावे इथे फारशी कुणी मागत नाही, म्हणून दिसली तर भाव बहुधा सौम्य असतो.

पोर्तुगालबद्दलही हेच. तूरिगा नासियोनाल, त्रिंकादेइरा अशी वाणांची नावे ग्राहकाला उच्चारता येत नाहीत, म्हणून तो बाटली परत ठेवतो, आणि त्यामुळेच ती मुळात स्वस्त राहते. अलेंतेझूची रेड किंवा वायव्य पोर्तुगालची विन्यो व्हेर्द ही हलकी, किंचित चुरचुरणारी पांढरी वाईन पुण्यात नेहमी मिळेलच असे नाही, पण मिळाली तर सोडू नका. विन्यो व्हेर्द मात्र ताजीच हवी. वर्ष-दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर घेऊ नका.

इटलीत दक्षिणेकडे पाहा. सिसिलीची नेरो दाव्होला, पुल्याची प्रिमितीव्हो आणि अब्रुत्सोची मोंतेपुल्चानो या रेड वाईन या भावात मन भरेल इतकी चव देतात. फ्रान्समध्ये लांगदोक, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा प्रांत, आणि कोत द्यू रोन ही दोन नावे धरा; पांढऱ्यात लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्कादे. तिच्या लेबलावर ‘स्यूर ली’ असेल तर ती आंबवणाच्या गाळावर ठेवलेली असते आणि तिला थोडा भरीवपणा येतो. रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर तिची जोडी जमते. अर्जेंटिनाची मेंडोसा प्रांतातली मालबेक तुम्हाला ठाऊक असेलच. ती बहुतेक वेळा निराश करत नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

दक्षिण आफ्रिकेवर मात्र थोडे थांबतो, कारण आपल्याकडे हा देश उगाच मागे पडतो. शेनिन ब्लां हा मूळचा फ्रान्समधल्या लुआरचा वाण, पण त्याची सर्वाधिक लागवड आज दक्षिण आफ्रिकेत आहे. स्टेलेनबॉश आणि स्वार्टलँड भागात त्याच्या अनेक जुन्या बागा आहेत, आणि जुना वेल कमी पण घट्ट चवीची द्राक्षे देतो. ‘जुन्या वेलींची’ असे लेबलावर लिहायला जगात बहुतेक ठिकाणी वयाची ठरलेली अट नाही. दक्षिण आफ्रिकेत ओल्ड व्हाइन प्रोजेक्टने ती घातली आहे: ३५ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या बागेच्या वाईनवर एक शिक्का असतो आणि त्यावर बाग लावल्याचे साल छापलेले असते. लेबलावरचा इतका स्पष्ट आणि तपासता येईल असा दावा मी क्वचित पाहतो. असा शिक्का असलेली बाटली तुमच्या मर्यादेच्या थोडी वर जाईल, पण त्या वाढीव पैशाचा मोबदला मिळतो.

ऑस्ट्रेलियाचे गणित वेगळे आहे, आणि वर सांगितलेला नियम इथे उलटा होतो. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ज्या बाटलीचे आयात मूल्य ५ अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त आहे तिच्यावरचे शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले, आणि ते दहा वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. १५ डॉलरपेक्षा जास्त मूल्याच्या बाटलीवर ते सुरुवातीलाच ७५ टक्क्यांवर आले आणि २५ टक्क्यांपर्यंत जाणार आहे. ५ डॉलरच्या आतल्या बाटलीला सवलत नाही. म्हणजे दुकानातली सर्वांत स्वस्त ऑस्ट्रेलियन बाटली बहुधा जुन्याच शुल्काने आलेली असते, तर चांगली बाटली तुलनेने स्वस्त झालेली असते. १६ डॉलरची वाईन १५० टक्के शुल्काने ४० डॉलरची होते. ७५ टक्क्यांनी ती २८ डॉलरची होते. म्हणून रोजच्यासाठी चिली किंवा स्पेन, आणि वाढदिवसाला, पाहुण्यांसाठी, तीन-चार हजार खर्च करायचे ठरवले असेल तेव्हा ऑस्ट्रेलिया, असे मी सांगतो. लेबलावर ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेले असेल तर ती अनेक राज्यांत पसरलेल्या प्रचंड पट्ट्यातली द्राक्षे असतात. बारोसा, क्लेअर व्हॅली, कूनावारा असे नेमके गाव-खोरे लिहिलेले असेल तर तिकडे वळा. क्लेअर व्हॅलीची ड्राय रिस्लिंग दिसली तर जरूर घ्या. तिला फिरकीचे झाकण असते म्हणून ती हलक्या दर्जाची समजू नका. तिथल्या उत्पादकांनी २००० साली विचारपूर्वक बूच सोडले, कारण खराब बुचामुळे वाईनला येणारा कुबट वास त्यांना नको होता.

फेसाळ वाईनबद्दल थोडक्यात. शँपेन किमान १५ महिने वायनरीत ठेवावी लागते आणि तिचे नाव जगभर गाजलेले आहे, त्यामुळे ती तुमच्या मर्यादेत येणार नाही. त्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या स्पेनच्या काव्हा आणि फ्रान्सच्या क्रेमां यांना गाळावर किमान नऊ महिने ठेवण्याचा नियम आहे, आणि त्या पुष्कळ कमी किमतीत मिळतात. त्याहूनही सरस सौदा आपल्या शेजारी आहे: शाँदोंने २०१३ साली नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळ काढलेली फेसाळ वाईन, आणि सुलाची ब्रूट. त्यांवर आयात शुल्क नाही, हे चवीइतकेच मोलाचे कारण आहे.

इथे तुमच्या प्रश्नाला थोडे वळण देतो. जगातल्या वाईन समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातली वाईन सोडून देण्याची गरज नाही. उलट ती मोजपट्टी म्हणून हाताशी ठेवा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणापासून राज्यात होणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळत आली आहे, त्यामुळे हजार रुपयांच्या इथल्या बाटलीतला बराच मोठा हिस्सा खरोखर वाईनचा असतो. अकलूजला फ्रातेल्लीच्या बागेत सांज्योव्हेसे पिकते, तेच द्राक्ष इटलीत किआंती करण्यासाठी वापरतात. नाशिकला शेनिन ब्लां पिकते, तेच द्राक्ष स्टेलेनबॉशला आहे. मी वाईनचे वर्ग घेतो, तिथे नेहमी अशा जोड्या लावतो. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणती कुठली ते न सांगता, शेजारी-शेजारी ओतायच्या आणि आंबटपणा, गोडवा, तुरटपणा व तोंडात चव किती वेळ रेंगाळते एवढेच लिहून काढायचे. नाशिकची शेनिन अनेकदा किंचित गोड ठेवलेली असते आणि स्टेलेनबॉशची कोरडी, धारदार असते. पहिल्याच घोटात हा फरक कळतो, आणि हवामान, काढणीची वेळ व उत्पादकाने ठेवलेली साखर यांचा परिणाम वाचून जितका समजत नाही तितका तेव्हा समजतो.

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यामुळे पुण्यात चांगली वाईनही वाया जाते: ऊन. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीशीला टेकतो. ट्रकमध्ये, गोदामात किंवा दुकानाच्या उन्हाकडे तोंड असलेल्या काचेच्या कपाटात बाटली तापली, की वाईन फुगते, बूच वर सरकते आणि आतली ताजी फळाची चव शिजवल्यासारखी होते. म्हणून बाटली घेताना तिच्या तोंडावरून बोट फिरवा. वेष्टनाखाली बूच उंचावलेले लागले, मानेजवळ चिकट ओघळ दिसला, किंवा शेजारच्या बाटल्यांपेक्षा वाईनची पातळी खाली असली, तर ती परत ठेवा. पांढरी वाईन पिवळीधमक किंवा तपकिरी झाकेची दिसली तरी तेच करा. त्यानंतर आयातदाराने मागे चिकटवलेले स्टिकर वाचा. त्यावर आयातदाराचे नाव, आयातीचा महिना-साल आणि एमआरपी असते. द्राक्षांचे साल पुढच्या लेबलावर आणि आयातीची तारीख मागे, या दोन्हींवरून बाटली आपल्या हवेत किती उन्हाळे काढून बसली आहे ते कळते. साध्या पांढऱ्या व रोझे वाईनला एकाहून जास्त पुणेरी उन्हाळा नको. दक्षिण गोलार्धात द्राक्षांची काढणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, युरोपात ती साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर असते. त्यामुळे एकाच सालची चिलीची वाईन युरोपच्या वाईनपेक्षा सहाएक महिन्यांनी मोठी असते, हेही ध्यानात ठेवा. कोणत्या दुकानातून घ्यावे याचे माझे उत्तर साधे आहे. जिथे माल लवकर फिरतो आणि वातानुकूलन रात्रीही चालू असते तिथून घ्या. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, बाणेर या भागांत आयात वाईनला गिऱ्हाईक जास्त असल्याने माल ताजा मिळण्याची शक्यता अधिक असते. दोन-तीन महिन्यांची खरेदी एकदम करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. घरी मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटात बाटली ठेवू नका. जागा नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवलेली बरी. प्यायच्या आधी रेड वाईनही वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. युरोपातल्या पुस्तकांत लिहिलेले ‘खोलीचे तापमान’ म्हणजे १६ ते १८ अंश. आपली खोली तशी डिसेंबरातही क्वचित असते, आणि तिशीच्या तापमानाला चांगली गार्नाचासुद्धा नुसती जळजळीत लागते.

जेवणाबद्दल एकच पथ्य सांगतो, कारण त्याने पैसे वाचतात. तिखटाबरोबर टॅनिन, म्हणजे वाईनला तुरटपणा देणारा घटक, आणि अल्कोहोल दोन्ही अधिक बोचतात. तिखट मटण रश्श्याबरोबर लाकडात मुरलेली, १४.५ टक्के अल्कोहोलची कॅबर्ने उघडली तर ना रश्श्याची मजा येते ना वाईनची, आणि दोष वाईनला दिला जातो. त्याजागी गार केलेली कोत द्यू रोन किंवा गार्नाचा घ्या. अळुवडीसारख्या चिंच-गूळ-मिरचीच्या पदार्थांबरोबर किंचित गोडसर शेनिन किंवा जर्मनीची काबिनेट रिस्लिंग घ्या. जर्मन लेबलावर गोडवा नेमका किती हे कळत नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहा: ८-९ टक्के असेल तर द्राक्षाची साखर शिल्लक आहे; १२ टक्के किंवा ‘ट्रोकन’ लिहिलेले असेल तर वाईन कोरडी आहे.

सुरुवात कशी करावी, असे विचाराल तर पहिल्या महिन्यात कासाब्लांकाची सोव्हिन्यों ब्लां आणि रिओहाची क्रियांझा घ्या. दुसऱ्या महिन्यात स्टेलेनबॉशची शेनिन आणि नाशिकची शेनिन, जोडीने. तिसऱ्यात सिसिलीची नेरो दाव्होला आणि चिलीची कारमेनेर. या सहांपैकी दुकानात एखादी नसेल तर दुकानदाराला देश सांगू नका; ‘लाकूड न लावलेली, गेल्या वर्षभरात आलेली, दोन हजारांच्या आतली’ असे सांगा. अनुभवी दुकानदाराला ते बरोबर समजते, आणि त्याने काय पुढे केले यावरून तुम्हालाही त्याची पारख होते.

शेवटी, कुणी नातेवाईक दुबई किंवा सिंगापूरहून येत असेल तर त्यांच्याकडून चिलीची साधी बाटली मागवू नका. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. शुल्क टक्केवारीने असल्यामुळे ही सूट महाग बाटलीवर सर्वांत जास्त पैसे वाचवते, म्हणून बारोलो, बर्गंडी, शँपेन या इथे अवाच्या सवा पडणाऱ्या वाईन त्या दोन बाटल्यांत आणवून घ्या. सामानात कपड्यांच्या मधोमध आडव्या गुंडाळायला सांगा, बिल जपून ठेवायला सांगा, आणि घरी आल्यावर उघडण्याआधी त्यांना दोन-तीन आठवडे थंड, अंधाऱ्या जागी पडून राहू द्या.